घरातलं जुनं : हत्तीचं पदक आणि हरवलेलं आडनाव

प्रश्न : आमच्याकडे पणजोबांचं चांदीचं पदक आहे. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला पाठीवर तोफ घेतलेला हत्ती. ते काबूलला लढले, असं घरात सांगतात. आई दर १४ एप्रिलला ते चिंचेनं लख्ख घासायची. कडेवरच्या इंग्रजी अक्षरांतलं '...नाक' आणि '१९ बॉम्बे' एवढंच लागतं. आमचं आडनाव कुठेच नाही. पदक आमचंच का? आणि पणजोबा पलटणीत, वडीलही १९४२ साली पलटणीत, मग मधले आजोबा गिरणीत कसे?
– एक वाचक, खेड

उत्तर : आधी ती चिंच बंद करा. नाव पदकाच्या कडेवरच असतं आणि प्रत्येक घासणीला ते थोडं थोडं जातं. आमच्या घरच्या पदकाची तर आजीनं जोडवी करून घेतली. चांदी राहिली, नाव गेलं. तुमच्याकडे निदान 'नाक' शिल्लक आहे.

आणि तेच महत्त्वाचं आहे. त्या काळी पलटणीच्या कागदात आपल्या माणसांची आडनावं नसत. शिपायाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, वय, झालं. महार शिपायाच्या नावापुढे 'नाक' यायचं. कोरेगावच्या जयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं वाचा, तिथेही ओळीनं 'नाक' दिसतील. गावावरून '-कर' लावणं बऱ्याच घरांत पुढच्या पिढीत रुळलं. पलटणीतून निवृत्त होऊन अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणाऱ्या गोपाळ बाबा वलंगकरांचं नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर असंही सापडतं. जुनं आणि नवं एकाच ओळीत. तेव्हा आडनाव नाही म्हणून पदक परक्याचं ठरत नाही.

हत्तीचं पदक म्हणजे दुसरं अफगाण युद्ध, १८७८ ते १८८०. पण तुमचे पणजोबा काबूलला गेले नसावेत. मुंबईच्या पलटणी दक्षिणेच्या बाजूला होत्या : बोटीनं कराची, १८८० च्या सुरुवातीपासून सिबीपर्यंत आगगाडी, पुढे बोलन घाटातून पायी क्वेटा आणि कंदाहार. घरी परतल्यावर सगळंच 'काबूल' झालं असणार. आमच्याकडेही तसंच झालं होतं. २७ जुलै १८८० ला कंदाहारजवळच्या मैवंदला अफगाण सरदार अयूबखानानं इंग्रजांच्या फौजेचा धुव्वा उडवला आणि उरलेले कंदाहारच्या तटाआड कोंडले गेले. १९ वी मुंबई पलटण त्याच वेढ्यात होती. १६ ऑगस्टला तटाबाहेरच्या देह खोजा गावावर छापा घालायला गेलेल्यांत तीही होती. तो छापा फसला, ब्रिगेडियर ब्रूक तिथेच पडला. १ सप्टेंबरला इंग्रज सेनापती रॉबर्ट्सनं अयूबखानाला हरवलं, तेव्हा वेढ्याचं संकट सरलं. पदकाच्या वर 'कंदाहार' लिहिलेली चांदीची पट्टी असेल, तर ती त्या शेवटच्या लढाईची. नसेल तर हिरमुसू नका; मैवंदसाठी पट्टी काढलीच नाही. हरलेल्या लढाईची कोण काढणार!

आता आजोबांचं. त्यांनी पलटण सोडली नाही, पलटणीनं त्यांना घेतलंच नाही. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सरकारनं महारांची भरती थांबवली. काही ठरावीक जातीच लढू शकतात, हे 'लढाऊ जाती'चं खूळ तेव्हा जोरात होतं. दापोलीच्या पेन्शनरांत तुमच्या पणजोबांसारखी कितीतरी माणसं होती. त्यांच्या वतीनं वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ ला, १११ वी महार पलटण उभी राहिली, ती १९२१ ला मोडली. त्या चार वर्षांत ज्याचं वय बसलं नाही, त्याला परळची गिरणी. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तुमचे वडील भरती झाले. तुमच्या घराचा इतिहास या तारखांना तंतोतंत चिकटून चाललाय.

पुरावा हवा असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात पदकांच्या याद्या आहेत. पण त्याआधी घरातली कपाटं उघडा. जातपडताळणीसाठी कुणी ना कुणी कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल, आजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा काढलाच असेल. त्यात आजोबांच्या बापाचं नाव 'नाक'सकट सापडलं, तर कडेवरच्या अक्षरांशी ताडून बघा. अक्षरं वाचायला कडेवर तांदळाचं पीठ हलक्या बोटानं फिरवा आणि जादा पुसून टाका. खाचांत पीठ बसतं, नाव पांढरं उठतं. मग उन्हाच्या तिरिपेत फोटो काढून मला पाठवा.