रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचंय? सुरुवातीला एवढं सांभाळ

रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करायचंय असं तू लिहिलंस, ते वाचून खरंच आनंद झाला. सध्या तीनच गोष्टी बघ.

१. प्रयोगशाळेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) असो की दुसरं काही, तिथल्या पीएचडीच्या मुलांना एकटं गाठून विचार: गाईड भेटतात का, थिसिस वेळेत होतो का?

२. आजार डोळ्यांनी बघ. नवी मुलं थेट सिक्वेन्सिंगच्या (डीएनए वाचनाच्या) डेटावर बसतात, ब्लड स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, कधी पाहिलेलाच नसतो. पॅथॉलॉजीत जाऊन बस. फिलाडेल्फिया क्रोमोसोम, म्हणजे एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात (सीएमएल) सापडणारं बिघडलेलं गुणसूत्र, १९६० साली सूक्ष्मदर्शकाखालीच दिसला. तो ९ आणि २२ या क्रोमोसोमांच्या अदलाबदलीतून बनतो, हे अमेरिकन संशोधक जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलं. त्यातून पुढे आलेलं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत मंजूर व्हायला २००१ उजाडलं. चाळीस वर्षं! तेव्हा दोन वर्षांत पेपर आला नाही तर खचू नकोस.

३. सेल लाइनवर (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर) डोळे झाकून विश्वास नको. मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीवाणू शिरला तरी पेशी वाढवायचं द्रव माध्यम गढूळ होत नाही, निकाल मात्र बिघडतात. नियमित तपास. कंट्रोलशिवाय (तुलनेच्या नमुन्याशिवाय) प्रयोग नको, आणि फसलेला प्रयोगही त्याच दिवशी वहीत लिही.

कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून करायचा उपचार), सिंगल सेल (एकेका पेशीचा अभ्यास) वगैरे नंतर बोलू. जेआरएफसाठी (पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी) नेट परीक्षेचा अभ्यास मात्र आजच सुरू कर.