ओसाकात शाकाहारी आई-बाबांना घेऊन 5 दिवस : कुठे राहावं, कुठे खावं, काय घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत चौघं जाताय, तुम्ही दोघं सगळं खाता पण आई-बाबा शाकाहारी आहेत (अंडं चालतं), आणि हॉटेल दोतोनबोरी या गजबजलेल्या टुरिस्ट भागाजवळ घ्यावं की उमेदाला, म्हणजे मोठ्या स्टेशनच्या भागात, असं विचारलंय. मी नोकरीमुळे काही वर्षं ओसाकात राहिलोय आणि माझं मत विचाराल तर दोन्हीकडे नको. आधी आई-बाबांच्या जेवणाचं ठरवा, मग हॉटेल शोधा. उलटं केलंत तर रोज रात्री आठ वाजता चौघं भुकेले दुकानांच्या काचेतले फोटो बघत फिरत बसाल.

कारण सांगतो. तिथल्या जवळपास प्रत्येक गोष्टीत दाशी असतं, म्हणजे कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या माशाचे पातळ काप उकळून काढलेलं पाणी. उदोनचा (जाड नूडल्सचा) रस्सा, मिसो सूप, उकडलेली भाजी, अगदी इनारी सुशीचा गोड तोफूसुद्धा त्यातच शिजवलेला. ओसाकाची तर ही खासियतच, एदो काळात (1603 ते 1868) उत्तरेच्या होक्काइदो बेटावरून जहाजं भरून कोंबू इथे यायचा त्यामुळे इथला रस्सा फिकट रंगाचा आणि चवीला एकदम भारी. तुम्ही दोघं कित्सुने उदोन, म्हणजे वर गोड तळलेला तोफू घातलेला उदोन, नक्की खा, तो मूळचा ओसाकाचाच. पण "नो मीट, नो फिश" सांगितलं की वेटर वरचा मासा काढून देतो, रस्सा तोच राहतो, त्याच्या दृष्टीने तो मासा नाहीच. ओकोनोमियाकीचंही (कोबी घातलेल्या जाड धिरड्याचं) तेच, पिठात बऱ्याचदा दाशी घालतात आणि वर माशाचे काप भुरभुरतात. "कात्सुओबुशी नाशी" (माशाचे काप नको) म्हटलं की वरचे काप टळतात, पिठातलं टळत नाही. आई-बाबा किती काटेकोर आहेत ते त्यांनाच विचारून घ्या, न सांगता खाऊ घालू नका.

म्हणून किचन असलेलं अपार्टमेंट हॉटेल घ्या आणि ते उएहोनमाची किंवा तानिमाची-क्यूचोमेच्या आसपास घ्या. टुरिस्ट लोक या भागाचं नावसुद्धा घेत नाहीत, पण किन्तेत्सू या खाजगी रेल्वेच्या ट्रेनने नांबा (दोतोनबोरीला लागून असलेला भाग) फक्त दोन स्टेशनं, चालत गेलात तरी अर्ध्या तासाच्या आत. त्याच लाइनने उलट्या दिशेला नारा साधारण 35 मिनिटांत, आणि किन्तेत्सूचं नारा स्टेशन हरणांच्या पार्कला जेआरच्या (जपान रेल्वेच्या) स्टेशनपेक्षा जवळ पडतं, आई-बाबांचे पाय वाचतात. रात्री शांत असतं. स्टेशनलाच डिपार्टमेंट स्टोअर आहे, त्याच्या तळघरात खाण्याचं मार्केट आहे.

किचन मिळालं की अर्धी लढाई जिंकलात. सुपरमार्केटात दूध, साधं दही, तोफू, बटाटे, पालक, कोबी, वांगी सगळं मिळतं. जपानी तांदूळ आपल्या इंद्रायणीसारखा चिकट शिजतो, त्यावर मेतकूट आणि तूप घालून दिलंत तर बाबा दुसरं काही मागणार नाहीत. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा घरून न्या, पण ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं अजिबात बॅगेत घालू नका, सर्टिफिकेट नसेल तर एअरपोर्टवर काढून घेतात. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटात तयार खाण्यावर अर्ध्या किमतीचे स्टिकर लागतात, त्या वेळी गेलात तर तुमच्या दोघांच्या सुशीची सोय स्वस्तात होते. आई-बाबांसाठी काप्पामाकी घ्या, म्हणजे काकडीचा सुशी रोल, त्यातल्या त्यात हे बरं. इंडियन रेस्टॉरंटं भरपूर आहेत, बरीचशी नेपाळी मंडळी चालवतात, नान ताटाबाहेर जाणारं आणि गोड. एखाद-दुसऱ्या वेळेला ठीक.

तुम्ही दोघांनी काय खायचं ते आता. ताकोयाकी (ऑक्टोपस घातलेले अप्पे) सगळे सांगतीलच, माझा आग्रह कुशिकात्सूचा, म्हणजे काडीला टोचून, पॅनको (ब्रेडचा चुरा) लावून तळलेलं काहीही, बीफपासून कमळाच्या देठापर्यंत. त्यासाठी शिनसेकाइला जा, त्सूतेनकाकू टॉवरच्या खाली. सॉसच्या सामायिक डब्यात एकदाच बुडवायचं, उष्टी काडी परत बुडवायची नाही हा तिथला कडक नियम, कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी डब्याच्या जागी बाटली आली तरी पाट्या अजून तशाच आहेत. उमेदाला हानशिन डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात इकायाकी मिळतो, स्क्विड घातलेला दाबून भाजलेला डोसाच समजा, उभं राहून खायचा. नांबाला रिकुरो ओजिसानचा चीजकेक घ्या, गरम भट्टीतून निघाला की घंटा वाजवतात, यात अंडं आहे पण तुमच्याकडे चालतं म्हणून सांगितलं, आईला नक्की आवडेल. दोतोनबोरीला एक चक्कर मारा, ग्लिको कंपनीच्या धावपटूवाल्या मोठ्या पाटीखाली फोटो काढा आणि निघा. कुरोमोन मार्केटात आता टुरिस्टांचे भाव लागतात, मी तरी तिथे जेवायला पाहुण्यांना नेत नसे.

खरेदीत सगळे शिनसाइबाशीच्या बाजारात पळतात. वाईट नाही, पण तिथली निम्मी गर्दी औषधं-कॉस्मेटिक्सच्या दुकानांत असते आणि ते सामान कुठल्याही गल्लीत मिळतं. मला विचाराल तर एक अख्खी दुपार तेंजिनबाशीसुजीला द्या. साधारण 2.6 किलोमीटर लांब, वरून छप्पर असलेली बाजाराची गल्ली, जपानातली सगळ्यात लांब, पाऊस आला तरी बिनधास्त. चहाची पानं, चपला, छत्र्या, जुनी पुस्तकं, सुऱ्या, लोणची, आणि घेणारे बहुतेक तिथलेच आजी-आजोबा. रोकुचोमेच्या, म्हणजे उत्तरेकडच्या टोकाला सुरू करा, तिथे घरांचं म्युझियम आहे, आत एदो काळातली अख्खी ओसाकाची गल्ली बांधून ठेवलीय, बाबा रमतील. मग दक्षिणेकडे चालत या, दमलात की मध्येच मेट्रो पकडा.

स्वयंपाकघराची आवड असेल तर नांबाजवळ सेन्निचिमाएची दोगुयासुजी गल्ली, तिथे हॉटेलवाल्यांचं सामान मिळतं, ताकोयाकीचे तवे, वाडगे, काचेत ठेवायचे प्लॅस्टिकचे खोटे पदार्थ. सुरी घ्यायची तर इथे घ्या, शेजारचं साकाई शहर शेकडो वर्षं सुऱ्यांसाठी नावाजलेलं आहे. चेक-इन बॅगेतच टाका हे सांगायला नको. राइस कुकर, हेअर ड्रायर वगैरेच्या मोहात पडू नका, तिथे 100 व्होल्ट आणि आपल्याकडे 230, घरी येऊन लावलात की धूर. घ्यायचंच असेल तर परदेशात चालणारं मॉडेल मागा.

टॅक्सचं नीट ऐका. बहुतेक वस्तूंवर 10 टक्के कंझम्प्शन टॅक्स आहे. जुन्या पद्धतीत पासपोर्ट दाखवला की 5,000 येनच्या वरच्या खरेदीवर दुकानातच माफ व्हायचा. 1 नोव्हेंबर 2026 पासून आधी पूर्ण पैसे भरायचे आणि देश सोडताना कस्टम्सला सामान दाखवून टॅक्स परत घ्यायचा अशी पद्धत. तुमची दिवाळी नेमकी त्याच्या आसपास येते, तेव्हा त्या तारखेपासून पुढे खरेदी करत असाल तर एअरपोर्टवर तासभर जास्त ठेवा आणि घेतलेलं सामान हाताशी राहील असं पॅक करा.

अपार्टमेंट नाहीच मिळालं तर बिझनेस हॉटेल. रूम लहान असते, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा उरत नाही, शिवाय भाडं बऱ्याचदा माणशी असतं, त्यामुळे बुकिंग करताना माणसांची संख्या खरी टाका. शनिवारच्या रात्री भाव एकदम चढतात, जमलं तर रविवारी पोचा. शिन-इमामियाच्या बाजूला फार स्वस्त रूम दिसतील, तो रोजंदारीवरच्या मजुरांचा जुना भाग, एकटा असताना मी तिथे निवांत फिरायचो पण आई-बाबांना घेऊन नको. उमेदाला राहिलात तर जमिनीखालच्या मॉलच्या चक्रव्यूहात रोज बाहेर पडायचं दार शोधावं लागेल, ओसाकाचे लोकही तिथे चुकतात.

फिरायला प्रत्येकाला एक इकोका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं तिकिटाचं कार्ड) घ्या, जेआर, मेट्रो, किन्तेत्सू सगळीकडे चालतं, रिचार्ज मात्र कॅशने, म्हणून खिशात येन ठेवा. एस्कलेटरवर उजवीकडे उभं राहतात, टोकियोच्या उलट.

आणि कानसाई एअरपोर्टहून उएहोनमाचीला थेट लिमोझिन बस आहे, साधारण 50 मिनिटं, बॅगा पोटात टाकतात, आई-बाबांसाठी हीच बरी. परतताना जेआरची कानसाई एअरपोर्ट रॅपिड घेतलीत तर डबा बघून चढा, हिनेनो स्टेशनवर गाडीचे दोन तुकडे होतात, एअरपोर्टला फक्त 1 ते 4 नंबरचे डबे जातात आणि बाकीची गाडी वाकायामाला.