स्पोर्ट-टूरिंग टायर प्रत्यक्षात किती किलोमीटर चालतात?

तुम्ही लिहिलंय, 650 सीसीच्या मोटरसायकलला स्पोर्ट-टूरिंग टायर (वेगाला आणि लांबच्या प्रवासाला, दोन्हीला चालणारे) घालायचेत, दुकानदार म्हणतो 15,000 किलोमीटर कुठे गेले नाहीत, आणि ग्रुपमधले म्हणतात 8,000 ला गुळगुळीत होतात. माझा आकडा सांगतो: मागचा टायर 10,800. माझा एक मित्र हे वाचून लगेच खाली लिहील की खोटं आहे, 11,960. त्याच्यासाठीच एवढं लांबलचक लिहितोय, तुम्हीही वाचा.

गाडी कावासाकीची निंजा 650. कंपनीतून आलेला मागचा टायर 9,200 ला संपला, त्यानंतर पिरेलीचे एंजल जीटी घातले. मागच्या एकट्याला तेव्हा 13 हजार पडले. त्या काळात माझं काम कोल्हापूरला आणि घर पुण्यात. महिन्यातून दोनदा तरी जाऊन येऊन साडेचारशे किलोमीटर, सगळे हायवेचे. खंबाटकी सोडली तर गाडी वाकवायची संधी नाही. नुसतं सरळ, पाठीवर लॅपटॉपची बॅग, एप्रिलमध्ये कराडच्या पुढे डांबर असं तापतं की चहाला थांबल्यावर टायरला हात लावून बघा, चटका बसतो. असा टायर मधोमध झिजतो. कडा जवळपास कोऱ्या आणि मधे पोळपाटासारखा सपाट. गाडी वळणावर कलताना एक पायरी उतरल्यासारखं वाटायला लागलं की समजायचं टायर चौकोनी झाला. खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे रबराचे जे बारीक उंचवटे असतात, टीडब्ल्यूआय, ते माझे 10,800 ला पृष्ठभागाला टेकले. माझ्या वहीत तशी नोंद आहे. टायर तिथे संपला. विषयही तिथेच संपायला हवा होता.

पण मी तो फोटो ग्रुपवर टाकला. मित्र म्हणाला, "एवढ्यात? माझे 16,000 झाले. तुझा उजवा हात जड आहे." वर, "ज्याला थ्रॉटल कळत नाही त्याने टायरला नावं ठेवू नयेत." मी टायरला नाव ठेवलंच नव्हतं! पण आठ जणांसमोर कोणी असं बोललं की डोकं फिरतं. मी म्हणालो, हाच टायर 12,000 करून दाखवतो. पैज लागली, सगळ्या ग्रुपला मिसळ.

2018 च्या गणपतीला टायर 11,500 वर होता. बायकोला मागे बसवलं, दोन सॅडलबॅगा लावल्या आणि निपाणी-आजरा-आंबोलीमार्गे कुडाळला गावी निघालो. हे लिहायला मला अजूनही बरं वाटत नाही. आंबोलीत पाऊस ओतत होता, धबधब्यापाशी गाड्यांची रांग. एका वळणावर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर मागचं चाक वीतभर बाजूला गेलं आणि परत आलं. एवढंच. बायको काही बोलली नाही. घरी पोचल्यावर हेल्मेट काढून ओटीवर ठेवलं आणि म्हणाली, "येताना मी भावोजींच्या गाडीतून येणार." गणपतीत रेल्वेचं आरक्षण कुठून मिळणार, नाहीतर भावोजींनाही विचारलं नसतं तिने.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी खळ्यात गाडी धूत होतो. काका सुपारी कातरत बघत होते. म्हणाले, "ह्या काय रे चमाकता?" टायरच्या मधोमध, बोटभर लांब, केसाएवढ्या बारीक तारा. या टायरच्या आत घेरावर पोलादी तारांचा पट्टा असतो, तो वर आला होता. टायरचे किलोमीटर झाले होते 11,960.

चाळीस किलोमीटर बाकी. कुडाळहून मालवणला जाऊन अर्ध्या वाटेपर्यंत परत आलो असतो तरी झाले असते. मी किल्ली घेऊन उठलोही होतो. बायकोने ती हातातून घेतली आणि देवघरात ठेवली.

मग टायर शोधणं. गावातल्या टायरवाल्याने मापाचा आकडा दोनदा विचारला. "एकशेसाठ? हो टायर हयसर गावाचो नाय. ट्रकाचो व्हयो तर आत्ता देतंय." कोल्हापूरला दोन दुकानांत फोन केले, दोन्हीकडे सणाची सुट्टी. शेवटी ज्याच्याशी पैज त्यालाच फोन करावा लागला. त्याने पुण्यातून टायर घेतला, ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मी तो हायवेवर उतरवून घेतला. आतल्या बाजूला खडूने लिहिलं होतं: "40".

टायर बसवायला मशीन नव्हतं. दोन टॉम्या घालून, साबणाचं पाणी मारून चढवला, रिमवर तीन ओरखडे, ते अजून आहेत. हवा भरून गाडीला चाक लावल्यावर लक्षात आलं की बाजूवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण उलटा. पुन्हा सगळं काढलं. बॅलन्सिंग पुण्याला आल्यावर. तोवर नव्वदच्या पुढे हँडल थरथरत नव्हतं पण सीट थरथरत होती.

आता हिशोब करा. 10,800 नंतर ओढलेले 1,160 किलोमीटर. किलोमीटरला रुपया, सव्वा रुपया टायरखर्च धरला तर वाचले साधारण साडेबाराशे. त्याच काळात माझी गाडी लिटरला बावीस देत होती, म्हणजे पेट्रोलच किलोमीटरला चार रुपये जात होतं. पेट्रोलला कुरकुर न करणारा माणूस टायरचे शेवटचे हजार किलोमीटर पिळून काढायला बघतो, हे मला आज वेडेपणाचं वाटतं. आणि ते पिळणं पावसाळ्यात, मागे माणूस बसवून.

मित्राच्या 16,000 बद्दल. वजन त्याचं साठ किलो, मागे कोणी बसत नाही, आणि रविवारी लोणावळ्यापर्यंत पोह्यांना जाऊन साडेदहाला घरी. 16,000 व्हायला त्याला चार वर्षं लागली. त्या टायरच्या बाजूवर बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. त्याची वाचली तर विकत घेतानाच टायर दीड वर्ष जुना होता. शेवटच्या वर्षी नखाने दाबला तर प्लास्टिकच्या बादलीसारखा लागायचा. खाचा होत्या, रबर मेलं होतं. असे 16,000 मला कोणी फुकट दिले तरी नकोत. उजवा हात जड असण्याचा यात संबंध कुठे येतो ते त्याने सांगावं.

तर तुमचं. घाट जास्त, एकटे आणि सकाळच्या थंड हवेत चालवत असाल तर मागचा 12,000 च्या पुढे जायला हरकत नाही. माझा नंतरचा सेट मिशलिन रोड 5 होता. कोल्हापूरची नोकरी सुटलेली, ताम्हिणी-वरंधा जास्त, मागचा 13,400 ला उंचवट्यांपाशी उतरवला. या टायरांत मधे कडक आणि कडेला मऊ असं वेगवेगळं रबर असतं, त्यामुळे सरळ रस्त्यालाही बऱ्यापैकी टिकतात, पण दोघं बसून, सामान लादून, उन्हात हायवे असेल तर नऊ-दहा हजार धरून चाला. पुढच्या चाकाचा जास्त टिकतो, माझा 16,000 गेला, मात्र शेवटी ब्रेकिंगने करवतीसारखे दाते पडले आणि घुऽऽ असा आवाज करत होता. हायवेचं नवं काँक्रीट डांबरापेक्षा जास्त खातं असा माझा समज आहे. वहीत सिद्ध करण्याएवढ्या नोंदी नाहीत.

हवा मात्र स्वतःच्या गेजने बघा, टायर थंड असताना. माझ्या गाडीला पुढे 32, मागे 36. पंपावरचं मीटर मला तीन-चारचा फरक दाखवत आलंय, आणि कमी हवेचा टायर तापून लवकर जातो. "ग्रिपसाठी 28 ठेव" सांगणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतो. आमच्याकडे तो म्हणजे हाच मित्र.

हे सगळे आकडे एका गाडीचे आणि शहाऐंशी किलोच्या एका माणसाचे आहेत हे आधी सांगायला हवं होतं. केटीएमची 390 किंवा रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर असेल तर वेगळे येतील, आणि इंटरसेप्टरला 18 इंची चाक असल्याने टायरचे पर्यायही वेगळे. कुठला ब्रँड घ्यावा हे मी सांगणार नाही.

मिसळ मी दिली, आठ जणांना, जादा पावासकट. जुना टायर कुडाळलाच आहे, काकांनी त्यात आळूची लावणी केलीय.