आधी स्तोत्रं ऐका

बीबीसी रेडिओ ३ वरचं इव्हनसाँग, म्हणजे अँग्लिकन चर्चची गायली जाणारी सायंप्रार्थना, नव्यानं ऐकताय ना? मग अँथमवरून, म्हणजे त्यातल्या खास समूहगीतावरून, गायकवृंद जोखू नका. अँथम घोटून घोटून बसवलेलं असतं. खरी पारख बायबलमधल्या स्तोत्रांत. ती अँग्लिकन चँट या पद्धतीनं गातात; तिची एकेरी चाल जेमतेम 10 स्वरमेळांची, म्हणजे एकत्र गायच्या स्वरांच्या 10 गटांची. ओळीच्या प्रत्येक अर्ध्याच्या पहिल्या स्वरमेळावर कितीही शब्द बसवायचे असतात, आणि तिथे ठोक्याची लय नसते, बोलण्याची असते. मुरलेला वृंद ते सहज बोलल्यासारखं गातो. कच्चा वृंद शब्दांवरून धावतो आणि स्वर बदलला की धपकन बसतो. मधल्या विरामाला सगळे एकदम श्वास घेतात का, तेही ऐका. हेडफोन लावलात तर डेकानी आणि कँटोरिस हे समोरासमोरचे दोन गट वेगळे कळतील.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलमधला घुमारा बऱ्याच चुका पोटात घालतो, म्हणून शब्दांच्या शेवटच्या व्यंजनांकडे कान ठेवा. थेट प्रक्षेपणात एखादा सूर घसरला तर सोडून द्या. मात्र सोबतीशिवाय गाताना वृंद सुरात हळूहळू खाली उतरतोय, हे ऑर्गन परत आला की लगेच उघडं पडतं. त्याला माफी नाही.

आणि शेवटचं ऑर्गनवादन चुकवू नका. मी वर्षभर तिथेच रेडिओ बंद करायचो!