“नवीन कल्पनाच नाही, मग प्रस्तावात लिहू काय?”

पारोळ्याकडची एक विद्यार्थिनी, एमएस्सी फिजिक्स झालेली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तिचं म्हणणं असं: “सर, मला थिअरीत (सैद्धांतिक भौतिकशास्त्रात) पीएचडी करायचीय, पण प्रस्ताव लिहायला बसले की हात थांबतो. माझ्याकडे नवीन कल्पना काही नाही. चार वर्षांनी काय सापडेल ते आज कसं सांगू? आणि इकडे थिअरीतलं दाखवायचं तरी कुणाला?” जळगाव, धुळे, नंदुरबारकडून थिअरीकडे वळणारी मुलं थोड्याफार फरकानं हेच विचारतात. म्हणून तिच्या प्रस्तावाचं पुढे काय झालं ते सविस्तर देतोय.

पहिला प्रश्न होता, प्रस्ताव मागितलाय कुणी? तिनं आठ पानं लिहून ठेवली होती आणि तीच सगळीकडे जोडणार होती. टीआयएफआर, आयएमएससी, एचआरआय, आयसीटीएस यांसारख्या संशोधन संस्थांत परीक्षा आणि मुलाखतीवर प्रवेश होतो. आधी कोर्सवर्क, मार्गदर्शक नंतर. तिथे आठ पानांपेक्षा फळ्यावर हार्मोनिक ऑसिलेटर नीट सोडवता येणं कामाचं. अमेरिकेत बहुतेक विभाग एक-दोन पानांचं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ मागतात, त्यात कल सांगायचा असतो, पूर्ण आराखडा नव्हे. युरोपात पुष्कळदा जागाच प्राध्यापकाच्या चालू प्रकल्पावर निघते, तिथे आपला विषय रेटून उपयोग नाही. खरा प्रस्ताव लागतो तो ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या काही विभागांना आणि आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत, जिथे पेट (विद्यापीठाची पीएचडी प्रवेश परीक्षा) किंवा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) यानंतर संशोधन समितीपुढे आराखडा ठेवावा लागतो. तिच्या यादीत अशी ठिकाणं दोनच निघाली. निम्मा ताण तिथेच उतरला.

आता ती आठ पानं. पहिलं वाक्य: “विश्वाच्या उत्पत्तीपासून डार्क एनर्जीपर्यंतच्या सर्व प्रश्नांची उत्तरे देणारा क्वांटम ग्रॅव्हिटीचा सिद्धांत विकसित करणे हे या संशोधनाचे उद्दिष्ट आहे.” पुढे चार पानं इतिहास, न्यूटनपासून. एका बिघ्यात कापूस, केळी आणि ऊस एकदम घ्यायचा बेत. असा अर्ज वाचणारा माणूस पहिल्या परिच्छेदातच ओळखतो की अर्जदारानं या विषयातलं एकही गणित स्वतः केलेलं नाही. महत्त्वाकांक्षा वाईट नाही, पण प्रस्तावातून वाचणाऱ्याला ती मोजता येत नाही.

सातव्या पानावर मात्र अर्धी ओळ सापडली: “एमएस्सी प्रकल्पात ऑब्री-आंद्रे मॉडेलचा पायथॉनमध्ये अभ्यास केला.” विचारल्यावर म्हणाली, “ते लहान आहे सर, सगळ्यांना माहीत असलेलं.” प्रस्ताव तिथेच होता.

हे मॉडेल म्हणजे एका ओळीत, साखळीसारख्या मांडलेल्या जागा. इलेक्ट्रॉन शेजारच्या जागेवर उडी मारतो, आणि प्रत्येक जागेवरचं पोटेन्शियल (त्या जागेची ऊर्जा) कोसाइननं ठरतं. कोसाइनची लय जागांच्या ओळीच्या लयीशी जुळत नाही, कारण दोन्हींचं गुणोत्तर अपरिमेय असतं, बहुधा सुवर्ण गुणोत्तराचं. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसननं १९५८ मध्ये दाखवलं की यादृच्छिक गोंधळात इलेक्ट्रॉन जागच्या जागी अडकू शकतो. एका मितीत तर त्यासाठी कितीही थोडा गोंधळ पुरतो, हे नंतर कळलं. इथे तसं होत नाही. पोटेन्शियलची ताकद उडीच्या दराच्या दुप्पट होईपर्यंत सगळ्या अवस्था पसरलेल्या (इलेक्ट्रॉन साखळीभर कुठेही सापडू शकतो), त्यापलीकडे सगळ्या अडकलेल्या. २००८ मध्ये फ्लॉरेन्सच्या गटानं अतिशीत अणूंवर हे प्रत्यक्ष पाहिलं. उडी दुसऱ्या शेजाऱ्यापर्यंतही जाऊ दिली की हा काटेकोरपणा मोडतो: एकाच साखळीत काही ऊर्जांना पसरलेल्या आणि काहींना अडकलेल्या अवस्था मिळतात. दोहोंमधल्या सीमेला ‘मोबिलिटी एज’ म्हणतात.

इथवर सगळं ज्ञात. “मग नवीन काय?” हा तिचा प्रश्न रास्त होता. नवीन कल्पना आकाशातून पडत नाही, ज्ञात मॉडेलची एक अट बदलून मिळते. अटींची यादी करायला सांगितली: उडी किती लांब, कण किती, कणांची आपसात इंटरॅक्शन (एकमेकांवर परिणाम) आहे की नाही, साखळी बंदिस्त की बाहेरच्या जगाशी जोडलेली. मग प्रत्येक अटीपुढे अर्काइव्हवर (arXiv, पेपरांचा ऑनलाइन साठा) शोधून, त्यावर कुणी काय केलंय ते दोन ओळींत. अर्काइव्ह १९९१ पासून आहे आणि फुकट आहे, त्यासाठी मोठ्या शहरातली लायब्ररी लागत नाही. वीसेक पेपरांचे गोषवारे, त्यातले चार-पाच पेपर समीकरणांसकट. लांब पल्ल्याच्या उडीवर २०१० च्या सुमारास नेमकी उत्तरं आली आहेत हे तिला या टप्प्यावर कळलं, म्हणून ती वाट सोडली. उरला हा प्रश्न: “दुसऱ्या शेजाऱ्यापर्यंत उडी असताना कणांमध्ये कमकुवत इंटरॅक्शन आणली, तर सुरुवातीच्या घनतेचा ठसा किती काळ टिकतो, आणि तो काळ इंटरॅक्शनच्या ताकदीनुसार कसा बदलतो?” ठसा म्हणजे कण सुरुवातीला कुठे दाट, कुठे विरळ होते त्याची उरलेली खूण. प्रश्न एका वाक्यात बसतो, मोजायची राशी ठरलेली आहे, आणि उत्तर ‘टिकत नाही’ असं आलं तरी ते उत्तरच. २०१५ मध्ये म्युनिकच्या गटानं हाच ठसा प्रयोगात मोजलाय, त्यामुळे तुलनेलाही जागा.

“काय सापडेल ते आज कसं सांगू” याचं उत्तर इथेच मिळतं. निष्कर्ष लिहायचाच नसतो. पहिल्या वर्षाचं काम बारकाईनं लिहायचं, दुसऱ्याचं ढोबळ, तिसऱ्याचं दोन-तीन शक्यतांत. कोर्सवर्क यूजीसीच्या नियमांनुसार किमान १२ क्रेडिटचं असतं, तेव्हा तिसऱ्याच महिन्यात पेपर पाठवण्याचं वचन देणारं वेळापत्रक वाचणाऱ्याला हसू आणतं.

पद्धतीचा भाग तिनं आधी “संगणकीय पद्धती वापरून” एवढाच लिहिला होता. अर्ज तोलले जातात ते इथे. तिला हिशेब करायला लावला. १६ जागा, निम्म्या भरलेल्या: कण मांडण्याच्या शक्य अवस्था १२,८७०. पूर्ण मॅट्रिक्स ठेवायला सुमारे १.३ जीबी, म्हणजे ८ जीबीच्या लॅपटॉपवर निभतं. १८ जागांना अवस्था ४८,६२० आणि मेमरी सुमारे १९ जीबी. लॅपटॉप तिथेच बसतो. त्यापुढे पूर्ण डायगोनलायझेशन (मॅट्रिक्समधून सगळ्या ऊर्जा-अवस्था काढणं) सोडून विरळ, म्हणजे बहुतेक नोंदी शून्य असलेल्या, मॅट्रिक्सवर काळानुसार उत्क्रांती काढायची, तीही वीस-बावीस जागांपर्यंत. हा हिशेब प्रस्तावात चार ओळींत आला आणि प्रस्तावाचा सूर बदलला.

दुसरी गोष्ट, तिच्या जुन्या आलेखाची. पोटेन्शियल कमी असतानाही दोन-तीन अवस्था अडकलेल्या दिसत होत्या आणि तिनं ते “संख्यात्मक त्रुटी” म्हणून सोडून दिलं होतं. ती त्रुटी नव्हती. तिची साखळी दोन्ही टोकांना उघडी होती, आणि या मॉडेलमध्ये ऊर्जेच्या फटींत (ज्या ऊर्जांना एरवी अवस्था नसतात तिथे) टोकाला चिकटलेल्या अवस्था येतात. उपाय साधा: सुवर्ण गुणोत्तराऐवजी फिबोनाची अपूर्णांक (फिबोनाची क्रमातल्या लागोपाठच्या दोन संख्यांचा) घ्यायचा, ९८७ जागांना ६१०/९८७, आणि साखळीची टोकं जोडून वर्तुळ करायचं. तिनं पुन्हा चालवलं, त्या अवस्था गेल्या. हे दोन्ही आलेख शेजारी शेजारी प्रस्तावात घातले. अर्ध्या पानाचा असा पुरावा चार पानांच्या इतिहासाला भारी पडतो.

धोका कुठे आहे तेही लिहायला लावलं. १६-१८ जागांच्या साखळीत ठसा टिकलेला दिसला, तरी तो खरोखर टिकतोय की फक्त फार हळू विरतोय हे सांगता येत नाही. या मुद्द्यावर गेली काही वर्षं क्षेत्रातच वाद चालू आहे. ती हे लिहायला कचरत होती, “कमकुवत वाटेल ना?” उलट, न लिहिलं तर मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येतो. सोबत पर्याय द्यायचा: लहान साखळीत निष्कर्ष धूसर राहिला, तर इंटरॅक्शन नसलेल्या साखळीला बाहेरच्या जगाशी जोडून तोच प्रश्न विचारायचा. ते गणित मोठ्या आकारालाही जमतं.

शेवटी प्रस्ताव अडीच पानांचा झाला. प्रश्न अर्धं पान, आधीचं काम अर्धं, स्वतःचे आलेख अर्धं, पद्धत आणि धोके पाऊण, वेळापत्रक पाव. संदर्भ वेगळे, आणि त्यात फक्त वाचलेले पेपर. न वाचलेला पेपर यादीत घालणं हा हमखास पकडला जाणारा प्रकार. एआयकडून लिहून घेतलेल्या यादीत तर अस्तित्वातच नसलेले पेपर निघतात.

दाखवायचं कुणाला, हा प्रश्न राहिलाच होता. ज्यांचा पेपर वाचला त्यांनाच ईमेल, दहा ओळींच्या आत: तुमच्या अमुक पेपरातली अमुक आकृती मी स्वतः काढून पाहिली, अमुक ठिकाणी अडलं, असं का? प्रस्ताव पहिल्याच ईमेलला जोडायचा नाही. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग पुढचं नाव. तिला तिघांपैकी एकाचं उत्तर आलं, तीन ओळींचं. त्यात एक दुरुस्ती होती. तेवढी पुरली.

मुलाखतीची तयारी प्रस्तावातूनच. “अवस्था अडकायला पोटेन्शियल उडीच्या दुप्पटच का?” असं विचारलं तर फळ्यावर फूरियर रूपांतर करून उडी आणि पोटेन्शियल एकमेकांच्या जागी कसे जातात ते दाखवता आलं पाहिजे. हे तिला पहिल्या दिवशी आलं नाही, कोड चालत होता एवढंच.

घरची बाजू वेगळीच. वडिलांनी एकदा सोबत येऊन विचारलं, “हाई नोकरी शे का शिक्षण शे?” त्यांना मॉडेल समजावण्यात अर्थ नव्हता, आकडा सांगितला: नेटमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय नियमानुसार घरभाडं. जेआरएफ नसेल तर संस्थेची फेलोशिप किती ते अर्ज करण्याआधी लेखी विचारून घ्यायचं. नुसतं नेट पात्र होऊन फेलोशिपविना राज्य विद्यापीठात नोंदणी करणाऱ्यांची फरफट होते, तेव्हा हा प्रश्न वडिलांनी विचारण्याआधी मुलीनं विचारायला हवा होता.