कळीचा चुना, विरलेला चुना आणि फक्की

प्रश्न : बोर्डो मिश्रणाच्या (पिकांवर फवारायच्या बुरशीनाशकाच्या) कृतीत ‘कळीचा चुना’ लिहिलेला असतो, दुकानात मात्र ‘फक्की’ मिळते. दोन्ही एकच का?

नाही. पण दुकानदाराने चुना लावला असं लगेच म्हणू नका. ‘फक्की’ म्हणजे नुसती बारीक पूड. कशाची, ते त्या शब्दातून कळत नाही. पिशवीत विरलेला चुना असेल, नाहीतर न भाजलेल्या चुनखडीची भुकटी. मैदानावर रेघा मारायला भुकटीच बरी, कारण विरलेला चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो. बोर्डोला मात्र ती भुकटी निरुपयोगी.

चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शुद्ध चुनखडी असेल तर 100 किलोचा 56 किलो. त्यावर पाणी पडलं की तो तापतो, फुगतो, तडकतो आणि विरतो. पानाला लावतात तो हाच, विरलेला. विरलेला चुना पाण्यात ढवळून ठेवला की वर येणारं नितळ पाणी ती निवळी.

एक टक्का बोर्डोसाठी 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. विरलेला ताजा चुना वापरायचा तर सुमारे 1.3 किलो घ्या, कारण त्यात पाण्याचं वजन आलेलं असतं. हवेत उघडा पडून आपोआप भुगा झालेला चुना नकोच. तो पुन्हा चुनखडीच्या वाटेला लागलेला असतो. चुना कमी पडला तर मोरचुदातलं मोकळं तांबं पानं जाळतं. म्हणून मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहा : तांबूस थर चढला तर आणखी निवळी घाला. मोरचुदाला प्लास्टिकचं पिंप, लोखंडाचं नको. चुना विरवायला उलट लोखंडी घमेलं. प्लास्टिकची बादली उष्णतेने मऊ पडते.

विरवताना भरपूर पाण्यात चुना थोडा थोडा टाका. ढिगावर थोडं पाणी शिंपडलं तर ते उकळून अंगावर उडतं. चष्मा, रबरी हातमोजे हवेतच. अंगावर कोरडी पूड पडली तर आधी झटका, मग धुवा. डोळ्यांत गेली तर किमान 20 मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. कळीच्या चुन्याची पोती ओल लागली की फुगून फाटतात, तापतात. शेजारी गवत किंवा कागद रचू नका.