नोबेलला अर्ज नसतो, मग हे पदक पैसे का मागते?

फोंडा तालुक्यातील एका आईचे पत्र आले आहे. लेक अकरावी विज्ञान शाखेत शिकते. खाजन शेतातल्या (खाडीकाठच्या बांधाआडच्या खाऱ्या जमिनीतल्या) खारटपणाचा, मीठ सोसणारे पारंपरिक कोरगुट आणि सुधारित जया या भातांच्या रुजण्यावर काय परिणाम होतो, असा प्रकल्प तिने दहावीनंतरच्या सुट्टीत केला. तालुका प्रदर्शनात तो पहिला आला. अहवाल सोबत जोडला आहे. त्यानंतर तिला एक ईमेल आला: ‘आंतरराष्ट्रीय युवा शास्त्रज्ञ पुरस्कारा’साठी तुमचे नामांकन झाले आहे, १८,५०० रुपये भरा, बँकॉकच्या सोहळ्यात पदक मिळेल, आणि पुढे नोबेलसाठी नाव सुचवले जाताना या पदकाची नोंद घेतली जाते. वडिलांचे मत, भरून टाकू, प्रवेशाला उपयोग होईल. आई विचारतात, भरावेत का? आणि ही मोठी बक्षिसे खरोखर कशी दिली जातात? मुलीला संशोधनात जायचे आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

पैसे भरू नका. आधारची प्रत, पासपोर्टचे पान, मुलीची सही, यातलेही काही पाठवू नका. रक्कम आधीच गेली असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आजच्या आज फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता कमी.

आता नोबेलचे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन्हींचा निर्णय रॉयल स्वीडिश अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे असतो. वैद्यकशास्त्राचा निर्णय कॅरोलिन्स्का संस्थेतल्या ५० प्राध्यापकांची सभा करते. या तिन्ही ठिकाणी अर्ज नावाची गोष्टच नाही. भौतिकशास्त्राचे उदाहरण घ्या. आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात समिती सुमारे ३,००० जणांना गोपनीय पत्र पाठवते. त्यात अकॅडमीचे सभासद, आधीचे विजेते, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंडमधल्या विद्यापीठांतले प्राध्यापक, तसेच समितीने त्या त्या वर्षी निवडलेल्या इतर विद्यापीठांतले प्राध्यापक असतात. त्यांनी ३१ जानेवारीपर्यंत नाव सुचवायचे. स्वतःचे नाव दिले तर ते बाद. बरेच जण तीच ती नावे सुचवत असल्याने यादी साधारण २५० ते ३५० नावांवर येते. मार्च ते मे या काळात निवडक नावे त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांकडे जातात. उन्हाळ्यात अहवाल लिहिला जातो, सप्टेंबरात तो अकॅडमीपुढे येतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मतदान होते आणि त्याच दिवशी नावे जाहीर होतात. निर्णयाविरुद्ध दाद मागायची सोय नाही. १० डिसेंबरला, आल्फ्रेड नोबेल यांच्या पुण्यतिथीला, स्टॉकहोममध्ये समारंभ होतो. २०२३ पासून पूर्ण बक्षिसाची रक्कम १ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर आहे आणि ती विजेत्याला मिळते, विजेत्याकडून घेतली जात नाही.

सुचवलेली नावे, सुचवणारे आणि तज्ज्ञांचे अभिप्राय ५० वर्षे कुलूपबंद असतात. सत्येंद्रनाथ बोस यांचे नाव सुचवले गेले होते हे आज ठामपणे सांगता येते, ते जुनी दप्तरे खुली झाल्यामुळे. त्यामुळे हयात माणसाच्या परिचयात ‘नोबेल नामांकित’ असे छापलेले दिसले, तर तो मजकूर समितीकडून आलेला नाही एवढे नक्की धरा.

त्या ईमेलमधले ‘या पदकाची नोंद घेतली जाते’ हे वाक्यही खोटे आहे. नोबेल समिती आयुष्यभराची पदके मोजत नाही. सुचवणाऱ्याने एका विशिष्ट शोधाकडे बोट दाखवायचे असते, आणि तो शोध काळाच्या कसोटीवर टिकला का, हे तज्ज्ञ तपासतात. मृत्युपत्रात नोबेल यांनी ‘गेल्या वर्षभरात’ मानवजातीच्या सर्वाधिक उपयोगी पडलेले काम असे म्हटले होते. प्रत्यक्षात दशके जातात. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी ताऱ्यांच्या वस्तुमानाच्या मर्यादेचे गणित १९३० च्या सुमारास केले, बक्षीस १९८३ मध्ये मिळाले. कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांचा एमआरएनएवरचा (पुढे कोविडच्या लसींत वापरलेल्या रेणूवरचा) निर्णायक लेख २००५ चा, तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, आणि बक्षीस आले २०२३ मध्ये. रामन यांचे उदाहरण आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते, १९२८ चा शोध आणि १९३० चे बक्षीस. पण तो अपवाद आहे, त्यावरून मुलीचे वेळापत्रक आखू नका.

नियमही कधी कधी अडचणीचे ठरतात. एक बक्षीस जास्तीत जास्त तिघांत वाटले जाते आणि १९७४ पासून मरणोत्तर दिले जात नाही (जाहीर झाल्यानंतर मृत्यू झाला तर ते कायम राहते). मोठ्या गटात केलेल्या कामात चौथ्या माणसाचे नाव गळते, मग त्याचा वाटा कितीही असो. पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंदने पाठवणारा तारा, पहिल्यांदा दिसला तो १९६७ मध्ये, जोसलिन बेल या संशोधक विद्यार्थिनीला. १९७४ चे नोबेल तिचे मार्गदर्शक हेविश आणि त्यांच्याबरोबर राइल यांना मिळाले. मला तो निवाडा अन्यायाचा वाटतो, आणि तसे मानणारे शास्त्रज्ञही पुष्कळ आहेत. मुलीला हे आत्ताच माहीत असलेले बरे.

गणिताचे फील्ड्स पदक चार वर्षांनी एकदा, चाळिशीच्या आतल्यांनाच मिळते. नॉर्वेच्या आबेल पुरस्काराला वयाची अट नाही. तो २००७ मध्ये श्रीनिवास वर्धन यांना मिळाला. दोन्हीकडे नाव दुसऱ्याने सुचवावे लागते.

पण ‘स्वतः अर्ज करता येतो म्हणजे पुरस्कार बोगस’ असा उलटा नियम करू नका. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारासाठी शास्त्रज्ञाला स्वतःचे नावही पाठवता येते, आणि तो सन्मान पूर्णपणे खरा आहे. शुल्काचेही तसेच. विज्ञान ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला थोडे शुल्क असते. ते परीक्षेला बसण्याचे असते आणि निकालाशी त्याचा संबंध नसतो. शंका घ्यायची ती ‘तुमची निवड झाली’ असे कळवल्यानंतर मागितलेल्या पैशांवर. सोबत आणखी चार गोष्टी तपासा: परीक्षक कोण आहेत, त्यांची नावे आणि संस्था दिलेल्या आहेत का, गेल्या वर्षीच्या विजेत्यांचे काम कुठे वाचायला मिळते का, मुलीचे नाव कोणी सुचवले हे ते सांगतात का, आणि तिचा अहवाल त्यांनी मागितला तरी का. तुम्हाला आलेल्या ईमेलमध्ये प्रकल्पाचा विषयसुद्धा लिहिलेला नाही. म्हणजे काम कोणी वाचलेलेच नाही. प्रदर्शनाच्या बातमीतून किंवा यादीतून नाव उचलले असावे.

राहिला बाबांचा मुद्दा, प्रवेशाचा. आयआयटी, एनआयटी, आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), बिट्स, कुठेही असल्या प्रमाणपत्राला गुण नाहीत. प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतो. काही मोजक्या संस्था ऑलिम्पियाडच्या वरच्या टप्प्यांचा विचार करतात, तेवढाच अपवाद.

आता मला ज्यात खरा रस आहे तिकडे येतो. प्रकल्पाचा विषय उत्तम आहे. तो गोव्याबाहेरच्या मुलांना सहज सुचणार नाही, आणि खऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नेता येईल. ती स्पर्धा म्हणजे अमेरिकेत दर मे महिन्यात भरणारा आयसेफ हा विज्ञान मेळावा. सोसायटी फॉर सायन्स ही संस्था तो भरवते. नववी ते बारावीची मुले त्यात येतात, एका प्रकल्पात जास्तीत जास्त तिघे. थेट प्रवेश नाही. भारतातून आयरिस राष्ट्रीय मेळाव्यातून निवड होते. यंदाच्या तारखा त्यांच्या संकेतस्थळावर आधी बघून घ्या, कारण अर्जाची मुदत चुकली तर वर्ष जाते आणि बारावीत पुन्हा वेळ मिळणे कठीण.

आयसेफची गुणपद्धती कळली की तयारीची दिशा कळते. एकूण १०० पैकी संशोधनाच्या प्रश्नाला १०, आराखड्याला १५, प्रत्यक्ष काम, आकडे आणि विश्लेषणाला २०, सर्जनशीलतेला २०, आणि मांडणीला ३५. त्या ३५ पैकी तक्त्याला फक्त १०, मुलाखतीला २५. आपल्या प्रदर्शनांत थर्माकोल आणि रंगीत कागदावर जो वेळ जातो, तो तिथे जवळजवळ वाया जातो.

तिचा अहवाल वाचला. तीन प्रकारचे पाणी, प्रत्येक पाण्यासाठी प्रत्येक भाताची एक ताटली, ताटलीत ५० दाणे. पहिला परीक्षक इथेच अडवेल. एका ताटलीतले ५० दाणे म्हणजे ५० प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आहे. ताटलीत बुरशी आली किंवा पाणी कमी पडले, तर सगळे दाणे एकदम बिघडतात. प्रत्येक पातळीला २५ दाण्यांच्या चार ताटल्या हव्यात. मिठाच्या पाच पातळ्या, दोन वाण, चार ताटल्या, म्हणजे ४० ताटल्या आणि १,००० दाणे. ताटल्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर खिडकीजवळच्या ताटल्यांचा निकाल वेगळा येतो.

मीठ तिने स्वयंपाकघरातले वापरले आहे. त्यात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेला पदार्थ असतो. शाळेच्या प्रयोगशाळेतले सोडियम क्लोराइड आणि डिस्टिल्ड पाणी घ्या. लिटरला २.९२ ग्रॅम म्हणजे ५० मिलिमोलर (द्रावणाची तीव्रता मोजायचे एकक). पुढच्या पातळ्या ५.८४, ८.७७ आणि ११.६९ ग्रॅमच्या, आणि पाचवी नुसत्या पाण्याची. ताटल्या उघड्या ठेवल्या तर पाणी उडते, मीठ मागे राहते आणि चौथ्या दिवशी द्रावण पहिल्या दिवसापेक्षा बरेच खारट होते. म्हणून झाकण ठेवा, रोज वजन करा आणि घट तेवढ्याच डिस्टिल्ड पाण्याने भरा, मिठाच्या पाण्याने नव्हे.

बियाणे शेजाऱ्याकडून आणले आहे. त्यात भेसळ असू शकते. जुने गोवे इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने कोरगुटमधून निवड करून खारटपणात टिकणारे गोवा धान वाण तयार केले आहेत. मुख्याध्यापकांच्या पत्रासह तिथे शुद्ध बियाण्याची विनंती करावी. विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्यातल्या-मातीतल्या मिठाचा अंदाज येतो) मोजायचे यंत्र शाळेत नसेल तर त्याच पत्रात तेही विचारावे.

सगळ्यात मोठी त्रुटी वेगळीच आहे. भाताचे बी रुजताना मिठाला बऱ्यापैकी दाद देत नाही. खरी नाजूक वेळ दोन-तीन पानांच्या रोपाची, आणि नंतर फुलोऱ्याची. जयाचे बीसुद्धा खारट पाण्यात बरेच रुजले याचे तिला आश्चर्य वाटले आहे, त्याचे कारण हेच असावे. यंदा रुजल्यानंतर आणखी तीन आठवडे रोपे वाढवावीत, मुळांची आणि पानांची लांबी व सुकवून वजन घ्यावे. फरक तिथे दिसेल. शिवाय मे महिन्यातल्या खाजनाची माती आणि पाऊस सुरू झाल्यावरची माती यांची वाहकता वेगवेगळी मोजून जोडली, तर शेतकरी मीठ धुऊन जायची वाट का पाहतो याला तिच्याजवळ आकड्यांचे उत्तर असेल.

आयसेफच्या नियमांत मुले कुठे अडकतात तेही सांगतो. आराखडा प्रयोग सुरू होण्याआधी लिहून सही झालेला हवा. सलग १२ महिन्यांपर्यंतचेच काम धरले जाते. गेल्या वर्षीचे आकडे नव्यात मिसळता येत नाहीत, ते आधीचे काम म्हणून वेगळ्या फॉर्मवर दाखवावे लागतात. भाताच्या रोपांना पूर्वपरवानगी लागत नाही, पण कोणी सुचवले म्हणून खाजनातल्या मातीतले जिवाणू घरी वाढवायला घेतले, तर प्रकल्प बाद होतो. घरी जिवाणू वाढवणे त्या नियमांत चालतच नाही. शेतकऱ्यांची प्रश्नावली घ्यायची असेल तर तिलाही आधी मंजुरी लागते. गोषवारा २५० शब्दांत बसवायचा.

संशोधनाच्या वाटेबद्दल थोडक्यात. बारावीनंतर आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा सरळ मार्ग आहे. त्याच्या परीक्षेत जीव, रसायन, गणित, भौतिक अशा चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न, वेळ तीन तास. सांकवाळला बिट्सचा परिसर आहेच, पण तिथले शुल्क आधी नीट बघा. मडगावचे चौगुले किंवा मिरामारचे धेंपे महाविद्यालय, मग ताळगावला गोवा विद्यापीठात एमएससी, हीसुद्धा कमी प्रतीची वाट नाही. दोना पावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय संशोधन केंद्र बसच्या अंतरावर असणे ही सोय मुंबई-पुण्याच्या मुलांना नाही. पुढे पीएचडीची पाच-सहा वर्षे. त्या काळात जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता. स्वतंत्र नोकरीला तिशी उजाडते, हे बाबांनी आत्ताच गृहीत धरावे. केव्हीपीवाय शिष्यवृत्तीचे कोणी सांगितले तर ती २०२२ मध्ये बंद झाली आहे, तिच्या नावाने क्लास लावू नका.

एक गोष्ट मात्र या आठवड्यातच बघा. पत्रात तिचे विषय लिहिलेले नाहीत. जीवशास्त्रासाठी तिने गणित सोडले असेल, तर आयसरच्या परीक्षेतला चौथा हिस्सा तिला घरी बसून शिकावा लागेल. पुढे मिठाच्या प्रयोगातल्या सरासरी आणि विचलनाचे गणितही तिलाच करायचे आहे. विषय बदलायची मुदत उरली आहे का, ते वर्गशिक्षकांना विचारा.